बोगद्याला आडवा आलेला आड

मित्रांनो, मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला एक जुना आड आहे. मला बुजवायला निघाले होते, आणि मी बुजलो नाही, त्याची ही हकिकत.

साल असेल एकोणीसशे बत्तीस. एका गिरणीच्या मालकांनी ठरवलं, की स्टेशनापासून गिरणीपर्यंत जमिनीखालून रूळ टाकायचे. कापसाच्या गाठी थेट पेठेच्या पोटातून न्यायच्या. बोगद्याचा नकाशा चिंतामणी नावाच्या तरुण ओव्हरसियरनं काढला. त्याची रेघ घरांखालून सरळ आली आणि नेमकी माझ्यातून गेली.

"बाई, हा आड बुजवावा लागेल," तो पाणी शेंदणाऱ्या चंद्रव्वाला म्हणाला.

तिनं घागर दाणकन कठड्यावर ठेवली. "बुजव की! पर आदी आत उतरून बघ. वरनं रेघा कुनीबी मारतंय."

टोमणा झोंबला. कमरेला दोर बांधून चिंतामणी खरंच उतरला. दगडाच्या भेगेतून उसळणारा माझा झरा त्यानं हातानं चाचपला. बोगदा जायचा तो तिथूनच! इथं सुरुंग लावला तर पाणी बोगद्यात घुसणार, माती वाहून जाणार आणि वरची घरं खचणार. तो ओलाचिंब होऊन वर आला. मग पेठेला वळसा घालणारी नवी रेघ त्यानं आखली.

ती पाहून मोठे इंजिनिअर स्वतः माझ्यापाशी आले.

"हे वळण कशाला? रेघ सरळ काढा."

"नाही काढणार, साहेब. खाली पाणी आहे आणि वर माणसं राहतात."

"मग उद्यापासून कामावर येऊ नका."

"बरं," म्हणून चिंतामणी माझ्या कठड्यावर बसला. शेजारी चंद्रव्वा बसली. बघता बघता अख्खी गल्ली माझ्याभोवती गोळा झाली.

"आदी आमाला बुजवा, मंग आडाला!" चंद्रव्वा ओरडली.

त्या गल्लीतलीच माणसं गिरणीतल्या मागांवर उभी राहायची. त्यांच्याशी वैर परवडणार नाही, हे मालकांनी ओळखलं; वळशाचा जादा खर्चही त्यांना नको होता, म्हणून बोगदा कागदावरच राहिला. चिंतामणीची नोकरी मात्र गेली ती गेलीच. आता तो शाळेत चित्रकला शिकवतो आणि ताठ मानेनं चालतो.

मित्रांनो, हल्ली घरोघर नळ येऊ लागलेत, तसा माझ्यात केर पडू लागलाय. मला तुमची कीव नको. माझ्यात केर टाकायला कुणी आलं, तर त्याचा हात धरा आणि ठणकावून सांगा, "हितं न्हाय!"