दुर्बिणीला टिळा

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी दुर्बिणीच्या काचेवर टिळा लावला. तेलात कालवलेलं कुंकू, अंगठ्याएवढं, बरोबर मधोमध.

"बाबा, हे काय केलं?" छतावरून माझी किंकाळी आसगावच्या पार पलीकडे गेली असेल.

"काहून वो रक्षा? नांगराले लावला, विळ्याले लावला, तुह्या आईच्या मशिनीले लावला. हे औजार नोहोय का?"

दुर्बीण नागपूरच्या एका आकाशप्रेमी मंडळाची, मोबाइलवरून आपोआप चालणारी. आठ रात्रींत एक साफ फोटो निघाला तर हिवाळाभर माझ्याकडे, नाही तर परत. सात रात्री ढगांनी खाल्ल्या होत्या. आज आठवी.

मंडळाच्या सरांना फोन केला.

"पुसू नको, काचेवरचा लेप जाईल," ते म्हणाले. "म्हणूनच मी सांगत होतो, खेड्यात यंत्र देऊ नये."

अस्सा संताप आला! यांच्या नागपुरात दिव्यांच्या झगमगाटात सप्तर्षी धड मोजता येत नाहीत, अन् अक्कल आम्हाला. फोन आपटला. पण पुसलं नाही.

दिवेलागणीला शेजारचे देवाजीकाका सोनं द्यायला आले, तेव्हा मी नळी चंद्राकडे वळवली होती. मोबाइलवर चंद्र आला. कुठंही न झाकलेला, स्वच्छ.

"का गा धनीराम, तुहा टिळा कुठी गेला?" काकांनी विचारलं.

बाबा बिचारे काचेत डोकावून पाहून आले. "आहे न जागेवर!"

फार जवळची वस्तू दुर्बिणीला दिसतच नाही, थोडा उजेड तेवढा अडतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण चंद्र भगभगीत. मला हवी होती देवयानी दीर्घिका, इतकी फिकी की थोडा उजेडही गमावणं परवडणार नाही.

मोबाइलवर हुकूम भरले. दशमीचा चंद्र मावळेपर्यंत थांब. मग ताऱ्यांचा फोटो काढ, नकाशाशी ताडून देवयानी शोध, फोकस धर, दोन-दोन मिनिटांचे सत्तर फोटो घे, उजाडायच्या आत बंद हो.

"एकटं राहील का थे?" बाबांचा जीव वरखाली.

"राहील."

मी सरळ झोपले. जागरणाची तपश्चर्या शहरवाल्यांनी करावी. मला सकाळी उरलेलं धान कापायला जायचं होतं.

उठले तर सत्तर फोटो तयार. दोन वाया गेले, डुकरं हाकलताना देवाजीकाकांनी बॅटरी वर मारली होती. उरलेले अडुसष्ट सॉफ्टवेअरनं एकावर एक रचले, अन् पडद्यावर हळूहळू ती उमटली. तिरपी, दुधाळ, मधोमध पेटलेली, कडेनं काळ्या रेघा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"हे आपल्या छतावरून?" बाबांनी पडद्याला नाकच लावलं.

"हा उजेड पंचवीस लाख वर्षं चालत आलाय, बाबा."

"मंग त्याले पाणी तरी विचार, वो!" आई जिन्यातून ओरडली.

फोटो सरांना धाडला. तासाभरानं उत्तर आलं: "सुंदर. हिवाळाभर ठेव. काच कशानं साफ केली?"

"केलीच नाही," एवढंच लिहिलं.

मी नाचत खाली आले, तर आई कमरेवर हात देऊन उभी.

"हिवाळाभर? मंग मी धान कुठी वाळू घालू? तुह्या डोक्यावर?"

"दुर्बीण माह्या छतावर आणा न!" देवाजीकाका कुंपणावरून म्हणाले. "मी बॅटरी लावणार नाही. डुकरं आली तर तोंडानं हाकलतो."

"ती हलायची नाही, काका. धान तुमच्याकडे, दुर्बीण इथंच!" मी म्हणाले.

"वा!" काका म्हणाले. अन् कुंपण ओलांडून अंगणातल्या धानाचं पहिलं पोतं त्यांनीच खांद्यावर घेतलं.