चढती रेघ

मिरजेतले डॉक्टर अल्झायमरच्या गोळ्या जितक्या जास्त लिहून देत, तितकी नीरजाच्या इमारतीची जमीन कलत जाई. आलेख तीच काढायची. मेडिकल कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात बसून ती डॉक्टरांच्या महिन्याभराच्या चिठ्ठ्या मोजी आणि रेघ पुढे ओढी. रेघ चढली की घरी न्हाणीघराकडची बाजू उचललेली असे, गॅलरीकडची खाली गेलेली. गॅलरीचा कठडा घसरत आलेल्या कपाटासोबत केव्हाच रस्त्यावर पडला होता.

लोकांनी जमवून घेतलं. शेगडीखाली पाचर मारली, लाटणं मनगटाला बांधलं. पण हल्ली डॉक्टर एकीच्या जागी दोन गोळ्या लिहू लागले आणि रेघ उभीच झाली.

सोसायटीचे चेअरमन आरवाडेकाका गवंड्याची पाणसळ घेऊन, चौकटीला धरत धरत आले.

"या इमारतीत ती गोळी फक्त तुझ्या आईला चालू आहे."

"गावात कितीतरी जणांना चालू आहे, काका."

"मी गावाचा चेअरमन आहे होय? माझी नात पाळण्यातून दोनदा घरंगळली."

"गोळी घेतली की आई मला ओळखते."

"ओळखून काय करते?"

पलंगावरून आई म्हणाली, "या शहाण्याला चहा देऊ नकोस गं, नीरू. सांडेल."

संध्याकाळी सगळे शेजारी दारात येऊन बसले. भांडलं कोणीच नाही. प्रत्येकाने आपापलं खरचटलेलं मूल मांडीवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी नीरजाने आईची गोळी बंद केली.

जमीन नखभर खाली बसली. काकांनी पाणसळ टेकवली, बुडबुडा किंचित हलला. "बघा, फरक पडला!" त्यांनी पेढे वाटले. पेढे ताटातून घरंगळत होते आणि लोक ते पकडून खात होते.

काही दिवसांनी नीरजा आईला आंघोळीला नेत होती. हात धरून दोघी न्हाणीघराकडे चढू लागल्या. अर्ध्यावर आई थांबली. तिने नीरजाकडे नीट, सभ्यपणे पाहिलं.

"तुम्ही कोणाकडच्या?"

"आई, मी नीरू. हात सोडू नकोस. मागे उतार आहे, थेट गॅलरीपर्यंत."

"परक्या माणसाचा हात धरायची सवय नाही हो मला," आई म्हणाली, आणि नीरजाला कुठे दुखणार नाही अशा बेताने, करंगळीपासून सुरुवात करून, तिचं एकेक बोट सोडवू लागली.