आळीनं सजवलेलं घर

“हा फ्रिज तुमचाच ना जी?” हातातल्या मोबाइलवर बोट ठेवून योगेशनं विचारलं, आणि कवडूनं आधी समोरच्या पाहुण्यांकडे पाहिलं.

योगेश सौंसरहून पाहणीला आलेला, गावाला अगदी नवखा. पक्कं घर नसलेल्या गरिबांची नावं त्याला सरकारी घरकुलाच्या, आवासच्या यादीसाठी टिपायची होती. घरात फ्रिज किंवा दारात गाडी दिसली की नाव कटणार. याच माणसाची वाट पाहून कवडूचे डोळे शिणले होते. संत्र्याच्या बागांत तोडणीला जाऊन जाऊन त्याचं आयुष्य सरत आलं, पण घराच्या मातीच्या भिंती अन् गळकी कौलं काही बदलली नाहीत. आणि पाहणीनं मुहूर्त साधला तो नेमका आजचा! समोर रामाकोन्याचे रामाजी बसले होते. मुलासाठी कवडूच्या पोरीला, दामिनीला पाहायला आले होते, आणि पोह्यांची बशी अजून त्यांच्या हातातच होती.

आता त्या फ्रिजचं काय सांगणार? पोरगी दाखवायची म्हटलं की आळीनं एकमेकांची अब्रू झाकायची, ही त्यांच्याकडची रीतच. आळीतल्या हर्षलच्या लग्नात कवडूचा पाण्याचा पितळी गुंड तिकडे मिरवून आला होता. आज फ्रिज पलीकडच्या डिंपलचा, दारातली मोटरसायकल हर्षलची. बशासुद्धा शेजारच्याच.

रामाजींचा घास थांबला होता. स्वयंपाकघराच्या दारातून यमुना नवऱ्याला डोळ्यांनी विनवत होती, पण काय बोल म्हणून विनवते आहे ते तिचं तिलाही ठाऊक नसावं. खरं सांगावं तर सोयरीक दारातूनच परत जाणार. खोटं सांगावं तर घर हातचं जाणार.

“आमचाच आहे,” कवडू म्हणाला.

“अन् बाहेरची गाडी?”

“तेबी आमचीच.”

योगेशनं दोन्हींचे फोटो काढले, चहा घेतला आणि तो हर्षलकडे गेला. तिथून डिंपलकडे. त्या दोन्ही घरांत त्या दिवशी त्याला काय दिसणार, कपाळ?

सोयरीक जमली. पुढे ग्रामसभेत नावं वाचली गेली. हर्षलचं आलं, डिंपलचं आलं. कवडूचं वगळलेल्यांत निघालं, कारणासकट. फ्रिज आणि मोटरसायकल ऐकून मागं कोणीतरी फिस्सकन हसलं.

संध्याकाळी हर्षल खाली मान घालून आला. “काका, मी जाऊन सांगतो ना, गाडी माही होती मनून.”

“नोको रे बापा. रामाकोन्याले गोष्ट जाईन. पोरीचं लगन होऊ दे.”

हर्षलनंही फार ताणून धरलं नाही. त्याची कौलंही गळतच होती.

दामिनी सासरी गेली. हर्षलच्या घराचा पाया पडला आणि बागांतली तोडणी संपल्यानं कवडू तिथंच कामाला लागला. दुसऱ्याच्या भिंतीला माल वाहताना त्याचा जीव तुटायचा. हर्षलवर राग नव्हता. चिडायचा तो स्वतःच्याच जिभेवर.

एक दिवस जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला निघालेले रामाजी वाटेत थांबले. “इवाई, हे घर तुमचंच उठून राहिलं का?”

कवडूनं घमेलं खाली ठेवलं. या खेपेला जीभ अडखळली नाही. “नाही जी. हर्षलचं आहे. त्या दिवशीचा फ्रिजबी आमचा नव्हता, गाडीबी नाही. तुमच्यासमोर लाज वाटली मनून खोटं बोललो.”

रामाजींनी पायाखालची वाळू चपलेनं सारली. “मले तवाच समजलं होतं. फ्रिजची वायर गुंडाळलेलीच होती.”

“मंग बोलले काऊन नाही?”

“काय बोलू जी? माह्या अंगातला सदराबी मागूनच आणला होता.”

म्हणजे कवडू खरं बोलला असता तरी पोरगी रामाजींच्याच घरात पडली असती. आणि डोक्यावर छप्परही आलं असतं. हे त्याला आतून असं लागलं की हसावं की रडावं कळेना.

“अहो कवडूभाऊ, माल आणा!” वरून गवंडी ओरडला.

रामाजींनी घमेलं उचलायला हात लावला. ते डोक्यावर घेऊन कवडू हर्षलच्या घराची पायरी चढू लागला.