टोकाचा डबा

"बोलू का?"
"थांब."
"आता बोलू का?"
"थांब."

टेम्पोत शिडी, पाना, रिकामी गोणी.

सोजरबाईच्या कांद्याची पात शेंड्याला पिवळी.

राहू गावात कालव्याच्या चारीवर पाण्याची पाळी आली की आपलं दार आपण उघडायचं. कुणाला विचारत बसायचं नाही.

आता सरळ सांगायचं तर.

राहूच्या शिवारात वावरावावरात खांबांवर डबे बसवलेत. डबा मातीची ओल मोजून बिनतारी कळवतो, त्यावर टाकीवरचं यंत्र ठिबकला पाणी सोडतं. पण प्रत्येक डबा आधी त्या यंत्राला विचारतो, बोलू का. होकार आला की बोलतो. मग पोचल्याची पावती. आकडा एवढासा, विचारपूस ढीगभर. बिनतारी वाट त्यातच भरते आणि टोकाचे डबे मुके राहतात. सोजरबाईचं वावर अगदी टोकाला. जो डबा कळवत नाही, त्याच्या वावराला पाणी नाही.

कंपनीचा विनोद टेम्पोतून उपाय घेऊन आला. टोकाचे डबे काढायचे, म्हणजे गर्दी कमी.

"मंग मला पाणी?" सोजरबाईनं विचारलं.

"मावशी, नेटवर्क सुधारेल."

"त्ये सुधरंल. माझा कांदा?"

विनोदनं शिडी लावली. गावातले डबे सांभाळणारी माया खांबाखालीच लॅपटॉप उघडून बसली होती.

"चढा सर. तोवर माझं होतंय."

"काय होतंय?"

"विचारणं बंद करतेय. प्रत्येक डब्याला ठरलेली वेळ, चारीवरच्या पाळीसारखी. आणि आकडे एकेक नाही धाडायचे, चार-पाच साठवून एकदम. पावती एकच."

"दोन डबे एकाच वेळी बोलले तर? चारीवर होत नाहीत भांडणं?"

"व्हत्यात की," सोजरबाई म्हणाली. "पन घड्याळ बघून भांडतो आमी."

माया हसली. "म्हणून सगळ्या डब्यांची घड्याळं टाकीवरून जुळवलीत, आत्या."

विनोद वर पोचला होता. त्यानं नटाला पाना लावला. "वरच्यांना विचारलंस?"

"तुम्ही नट सोडा, मी परत आवळीन. उद्या सोडा, उद्या आवळीन."

तिनं बटण दाबलं.

नळीत आधी नुसती हवा खोकली. मग कांद्याच्या बुडाशी माती काळी व्हायला लागली. सोजरबाईनं चपला काढल्या आणि ओल्यात जाऊन उभी राहिली. विनोद पाना धरून शिडीवरच.

"उतरा आता," सोजरबाई म्हणाली, "पडचाल."

सेटिंगला हात लावायचा नाही, असं कंपनीनं मायाला आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं.