ऊन होतं, वीज नव्हती

एकवीसच्या डिसेंबरातलं ते वादळ पहाटे ओसरलं. दहाच्या सुमारास आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाबाहेरच्या आमच्या घरावर लख्ख ऊन पडलं, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. आईंचं ऑक्सिजनचं मशीन दोनदा किंचाळून गप्प झालं.

वृंदाआई माझ्या सासूबाई. कोविडनं फुप्फुसं खाल्ली, पण नाशकात चाळीस वर्षं कीर्तनं केलेला गळा तसाच गोड. दर एकादशीला व्हिडिओवर कीर्तनाला उभ्या राहायच्या. "नारदाच्या गळ्यात वीणा, माझ्या नाकात नळी," म्हणून आधी सगळ्यांना हसवायच्या.

"घाबरू नका आई, छतावर बारा सोलर पॅनल आहेत," मी म्हटलं.

पण घर मेल्यासारखंच राहिलं. मग आठवलं. बाहेरची वीज गेली की तारा दुरुस्त करणाऱ्यांच्या जिवासाठी पॅनलही आपोआप बंद होतात. चालू ठेवायचे तर बॅटरी हवी. मी इंजिनिअर बाई! बॅटरीचं पुढच्या वर्षी बघू म्हटलं, आणि आईंना मात्र छातीठोक सांगितलं, इथं लोडशेडिंग नाही, आपलं घर उन्हावर चालतं. त्या शब्दावर त्या इथं राहिल्या होत्या.

अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला. काटा लाल पट्ट्यात. परवा त्यांना हॉस्पिटलला नेताना वापरला होता, बदलून घ्यायचा राहिला. नवरा दूर ड्रोहेड्याला ड्युटीवर. रस्त्यात झाडं पडलीत, अँब्युलन्सला तास लागेल, असं फोनवर कळलं. सिलिंडर फार तर वीस मिनिटं पुरला असता.

"मार्टिनकडे जा," आई म्हणाल्या.

शेजारचा मार्टिन गाई पाळतो. वीज गेली की ट्रॅक्टरला जनरेटर जोडून दूध काढतो. त्याच्या डिझेलच्या धुराला मी कितीदा नाक मुरडलं होतं.

"तुम्हाला एकटं टाकून?"

त्यांनी उशाजवळच्या चिपळ्या उचलल्या. "ह्या वाजतायत तोवर मी आहे गं. खिडकी उघड. पळ."

मी पळाले. छन्, छन्. कुंपणापर्यंत ठेका नीट होता. चिखलात बूट रुतला, तो तिथंच सोडला. छन्... छन्. दोन ठोक्यांत एवढी जागा आईंनी कीर्तनात कधी सोडली नव्हती. माझ्या तोंडात विठ्ठल होता की नुसतं रडं, देव जाणे.

"काय गं गिरिजा, सूर्य बिघडला वाटतं?" मार्टिन हसला. मग त्यानं माझा चेहरा पाहिला आणि तडक ट्रॅक्टरवर चढला.

खिडकीखाली येऊन त्यानं जनरेटर सुरू केला. सगळं अंगण धडधडू लागलं. आणि मला चिपळ्या ऐकू येईनात.

"बंद कर! एकदाच ऐकू दे!" मी ओरडले.

"बंद करून श्वास कशावर घेतील त्या? केबल धर!"

खिडकीतून केबल आत ओढली. पलंगाकडे न बघताच मशीनचा प्लग लावला. मशीन घुमलं, तेव्हा वळले.

चिपळ्या जमिनीवर. डोळे मिटलेले. बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. मी श्वास रोखला. ऐंशी. त्र्याऐंशी.

रजईवर त्यांचं एक बोट हलत होतं, ट्रॅक्टरच्या धडधडीवर.

"ह्याची लय... फार चढी आहे गं," त्या पुटपुटल्या.

"संध्याकाळपर्यंत डिझेल आहे!" मार्टिन खिडकीतून ओरडला.

छतावर ऊन नुसतंच चमकत होतं. मी ते बोट मुठीत धरून बसले. थांबलं तर कळावं म्हणून.