टेकाडाचं वळण

आमच्या किर्कब्राय गावातून समुद्राकडे जाणारा रस्ता सुतासारखा सरळ आहे. फक्त टेकाडापाशी तो वळसा घेतो. हा रस्ता आखला ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, गिल्बर्ट टॉरन्स यांनी. सरकारी मोजणीदार म्हणून हे विलायतेहून ह्या ओटागो प्रांतात आले तेव्हा इथे नुसतं गवत होतं.

त्या टेकाडात इथल्या मूळ रहिवाशांपैकी तेमुएरा नावाच्या माणसाचे वाडवडील पुरलेले. मोजणीची साखळी तिथवर पोचली तेव्हा तो वाटेतच बसून राहिला. ह्यांनी खुंट्या उपटल्या, रस्ता वळवला आणि कारण कुणाला सांगणार नाही असा त्याला शब्द दिला. नाहीतर पुरलेल्या हिरव्या दगडाच्या दागिन्यांसाठी लोक कुदळी घेऊन धावले असते. मी तेव्हा शेजारच्या तंबूत होते, म्हणून मला ठाऊक.

पुढे हे रस्तेमंडळाचे अध्यक्ष झाले. यंदाच्या निवडणुकीत समोर लोकरीचे व्यापारी फिनले होते. शाळेतल्या सभेत ते उठले.

"अध्यक्षमहाराज, शुद्धीवरचा माणूस उगाच रस्ता वाकडा करत नाही. त्या टेकाडात सोनं दडवलंय की काय? सोमवारी आम्ही खोदूनच बघतो."

लोक हसले, पण डोळे चमकत होते. दाराशी म्हातारा तेमुएरा उभा होता. हे टोपीची कड फिरवत उठले.

"टेकाडात काही नाही," हे म्हणाले. "त्या दिवशी मी प्यायलो होतो."

"मग बाटलीचं वळण म्हणा त्याला," कुणीतरी मागून म्हणालं, आणि हसू आवरेना.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघांनी दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. हे खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून घेत. आमच्या चर्चच्या पाळकांनी मला हळूच विचारलं, हे खरं का. जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस, अशी मी रोज पहाटे प्रार्थना करते. मी मान खाली घातली. लोकांना तेवढं पुरलं.

खुर्ची गेली. ती जाणार हे ह्यांनी धरलंच होतं. पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या विधीच्या, आदल्या दिवशी, मेजाशी बसायला लायक असल्याची खूण म्हणून, पाळक शिशाचे बिल्ले वाटतात. माझ्या हातावर बिल्ला पडला. ह्यांचा तळवा तसाच उघडा राहिला.

घरी हे म्हणाले, "उद्या तू जा पुढे. तुझं काय चुकलंय?"

"आणि तुमचं?"

"खोटं बोललो ना, जेनेट."



रविवारी सगळे मेजाकडे गेले. मी शेवटच्या बाकावर ह्यांच्याशेजारी बसून राहिले. बिल्ला मुठीत गरम झाला होता. हे एकदाच म्हणाले, "जा गं." मी हलले नाही.

परतताना वळणाशी ह्यांनी घोडा हळू केला. टेकाडावरचं गवत वाऱ्याने लवत होतं. कुदळ कुठे लागलेली नव्हती. ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि आम्ही वळसा घेतला.