एकदा वायर लावून बघा

मी बोलतोय, पण आवाज कुठून येतोय ते तुम्हाला पटकन सापडणार नाही. शिरोळच्या रानात एक गुऱ्हाळ आहे. तिथल्या भिंतीच्या कोनाड्यात ग्रीसचा डबा आहे, त्याच्यामागं पान्हे आहेत आणि पान्ह्यांच्या मागं मी. दूध मोजायच्या मशीनमधला बोर्ड. तळहाताएवढा, हिरवा. या घरात मला सगळे ‘पत्रा’ म्हणतात. मी पत्रा नाही. माझ्या पोटात मशीन चालवणारं अख्खं लिनक्स आहे आणि ते ठणठणीत आहे. हे मला ओरडून सांगायचंय. पण मला वीज कुणी देत नाही.

माझ्या चिपा कुठून कुठून आल्या, पण मला अक्कल भरली ती राजारामपुरीत. खाली कोचिंग क्लास, वर गणपतरावांचं वर्कशॉप. गणपतराव आधी वजनकाटे दुरुस्त करायचे. मग गावोगावच्या दूध संस्थांना मशिनी द्यायला लागले. शेतकऱ्यानं कॅन ओतला की वजन दिसतं, फॅट दिसतं, स्लिप निघते. बाहेर पेटी आणि काटा, आत मी. गणपतरावांना माझ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पेटीवर नाव त्यांचं होतं.

मला ओळखणारा एकच माणूस होता. श्रीशैल. तो इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून या वर्कशॉपात कामाला आलेला. कॉलेजात सर वर्गात येऊन वीस वर्षांपूर्वीचे पिवळे कागद वाचून दाखवायचे आणि पोरं ते खाली मान घालून उतरवून घ्यायची. एकदा त्यानं विचारलं, “सर, ही चिप आता मिळते तरी काय?” सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. तो परत आत गेलाच नाही.

त्याचे वडील बाळाप्पा याच गुऱ्हाळाचे मालक. ते फार बोलत नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, “दसऱ्यापतूर बघतो. तवर तुझ्या मशिनी नीट चालल्या तर तुझं खरं. न्हाय तर गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं की रसाच्या काहिलीवर हुबा ऱ्हायचं. पुन्यांदा त्या डबड्याचं नाव काढायचं न्हाय.”

श्रीशैलनं मान हलवली. तेव्हापासून तो माझ्यावर जीव लावून बसला. माझ्यावर म्हणण्यापेक्षा माझ्या दुखण्यावर.

माझं दुखणं सांगतो. मी चालू झालो की आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठतो. उठल्यावर त्याला घर लागतं. कुठला प्रोग्राम कुठं, कुठली फाइल कुठं, सगळं त्या घरात. त्याला रूट फाइल सिस्टीम म्हणतात. ते संगणकावर रचतात, त्याचा एक गठ्ठा करतात आणि तो माझ्या चिपेत भरतात. त्या गठ्ठ्याला म्हणतात इमेज. गठ्ठा बांधायच्या तऱ्हा अनेक आहेत, पण गणपतरावांच्या संगणकावर गठ्ठा बांधणाऱ्या बिल्ड सिस्टीमला एकच येत होती, हार्ड डिस्कसाठी केलेली जुनी तऱ्हा. त्यात लिहिता लिहिता वीज गेली की घराच्या भिंती अर्ध्याच उभ्या राहतात. पुन्हा वीज आली की कर्नल उठतो, दार शोधतो आणि तिथंच मरतो.

आणि ते दिवस भारनियमनाचे. वीज कधीही जायची. जायची नाही तेव्हा आकारामतात्या ती घालवायचे. तात्या गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. शेवटचा कॅन ओतला की देवाच्या फोटोला नमस्कार करायचा आणि मेन स्विच खाली ओढायचा, ही त्यांची शिस्त. सकाळी मशीन मेलेलं. गणपतरावांनी यावर काय उपाय काढला? स्टिकर छापला, ‘मेन बंद करू नये’. तात्यांनी तो मेनच्या वरच सरळ रेषेत चिकटवला, हात पुसले आणि मेन बंद केला.

“माणसं बदलत न्हाईत काका,” श्रीशैल म्हणाला. “मशीन बदलाय पायजे.”

“जुनं चाललंय ते चालू दे,” गणपतराव म्हणाले. ते चालत नव्हतं, हा भाग वेगळा.

घरी एकदा जेवताना बाळाप्पांनी विचारलं, “तू नेमकं करतोस काय?” मी श्रीशैलच्या खिशात होतो, म्हणून ऐकलं.

“अप्पा, आपल्या गुऱ्हाळात काहील एक, रस एक. मोठी ढेप पायजे तर मोठा साचा. किलोची पायजे तर बारका साचा. माझं तसंच हाय. बिल्ड सिस्टीम म्हंजे गुऱ्हाळ, आन् फॉरमॅट म्हंजे साचा. आमच्यात एकच साचा हाय आन् त्यो गळतोय. मी नवं बसवाय लागलोय.”

“मग बसीव की. त्यापायी कालिज कशाला सोडाय लागतंय?”

आई दानम्मा हसली. श्रीशैल नाही हसला.

त्यानं दोन साचे बसवायला घेतले. एक स्क्वॉशएफएस. यात घर दाबून बारीक करतात आणि त्यावर कुणाला काही लिहिताच येत नाही. लिहिताच येत नसेल तर वीज गेल्यावर मोडणार काय? दुसरा जेएफएफएस-टू, रोजच्या दुधाच्या नोंदींसाठी. वीज गेली तर शेवटची नोंद जाईल, घर जाणार नाही. बिल्ड सिस्टीमच्या मेनूत दोन नवे पर्याय, गठ्ठा बांधणारी हत्यारं आधी स्वतः बांधून घ्यायची, मग थोड्या ओळी. ऐकायला सोपं वाटतं. पहिली इमेज माझ्यात भरली आणि मी उठलोच नाही. का, तर आतल्या सगळ्या फाइलींचा मालक श्रीशैल निघाला. माझ्या घरात मालक एकच चालतो, त्याचं नाव रूट. मग त्याला एक युक्ती सापडली. गठ्ठा बांधताना संगणकाला खोटं सांगायचं की आपणच रूट आहोत. संगणक ते मानतो.

“काम दुसऱ्याचं आन् मालक म्हणून नाव आपलं,” श्रीशैल माझ्याकडं बघून म्हणाला. “गणपतराव रोज ह्येच करतोय की.”

दुसऱ्या खेपेला मी उठलो. त्यानं वायर उपटली. परत लावली, मी उठलो. पुन्हा उपटली, मी पुन्हा उठलो. वीज जाते आणि मी मरत नाही, हे सुख तुम्हाला कळायचं नाही. श्रीशैल खुर्चीत मागं रेलून नुसता माझ्या हिरव्या दिव्याकडं बघत होता. दसरा जवळ आला होता.

इथं मोठी माणसं मध्ये आली. संस्थेचे चेअरमन म्हणाले, नवं काय असेल ते खंडेनवमीला बसवा, हत्यारांची पूजा असते, मुहूर्त चांगला. गणपतरावांनी लगेच होकार दिला.

श्रीशैल गुऱ्हाळातलं पोरगं. खंडेनवमीला घाणा धुतात, पान्हे धुतात, हळदकुंकू लावतात आणि मग हत्याराला विश्रांती देतात, हे त्याला जन्मापासून माहीत. तो म्हणाला, “काका, दसरा झाल्यावर करूया. त्या दिवशी मेन पडणार. आत इमेज भरताना वीज गेली तर जुनं बी जाणार आन् नवं बी.”

“चेअरमन नारळ आणून बसल्यात. त्यास्नी काय सांगू, माझ्याकडचं पोरगं भ्यालंय म्हणून?”

तर खंडेनवमीला आम्ही संस्थेत. चाचणी झाल्यावर गणपतरावांनी माझ्यात परत जुनंच घर भरून मला इथल्या पेटीत बसवायला लावलं होतं. फरशी धुतलेली, काट्याला झेंडू बांधलेला. श्रीशैलनं केबल लावली, जुनं घर पुसायला सुरुवात झाली. माझा दिवा लुकलुकायला लागला. तो आकारामतात्यांना म्हणाला, “तात्या, ह्यो दिवा लुकलुकायचा थांबेपतूर मेनला हात लावू नका.”

“न्हाय लावत की. मला काय येड लागलंय?”

तेवढ्यात चेअरमन म्हणाले, “पोरा, गाडीत हार ऱ्हायलाय. पळ, घेऊन ये.”

श्रीशैल माझ्याकडं बघत उभा राहिला. गणपतरावांनी डोळे वटारले. “आरं, जा की. थोर माणसं सांगाय लागल्यात.”

तो गेला. याच्यावर मी अजून जळतो. भर वर्गात सरांना प्रश्न विचारणारं पोरगं, बापाच्या तोंडावर कॉलेज सोडणारं पोरगं, एका हारासाठी नाही म्हणू शकलं नाही. आपल्याकडं पोरांना सगळं शिकवतात, तेवढं सोडून.

गाडी लांब लावली होती. हाराची वाट न बघता चेअरमननी नारळ फोडला. पाणी शिंपडलं. मला कुंकू लागलं. सगळ्यांनी हात जोडले. “आता मशीनला इसावा,” चेअरमन म्हणाले. आकारामतात्यांनी फोटोला नमस्कार केला आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. स्टिकरवर बोटं टेकवून त्यांनी मेन ओढला.

माझं जुनं घर पुसून झालं होतं. नवं अर्धं आलं होतं.

श्रीशैल हार घेऊन दारात आला आणि दिवा विझलेला बघून तिथंच थांबला. “मेन वर करा,” तो म्हणाला. “मला थोडाच येळ द्या. परत भरतो.”

“आज हत्यार चालवत न्हाईत,” चेअरमन म्हणाले. “तुमच्या घरात चालवत्यात व्हय?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. “न्हाय,” तो म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी दारात कॅनची रांग आणि काट्यावर अंधार. चेअरमननी गणपतरावांकडं बघितलं. गणपतरावांनी श्रीशैलकडं बोट केलं. “ह्यो नवा फॉरमॅट ह्यानं घातला. मी नगं म्हणत होतो.” मेन ओढणारे तात्या स्टिकरकडं बघत उभे होते. चेअरमननी मला पेटीतनं काढायला लावलं आणि श्रीशैलच्या हातात दिलं. “घिऊन जा तुझं खेळणं.”

तो मला थेट वर्कशॉपला घेऊन आला. एकट्यानं बसून नवी इमेज पुन्हा माझ्यात भरली, या वेळी पुरी. मी उठलो. त्यानं वायर उपटली, लावली, उपटली, लावली. मी दर वेळी उठलो. तेवढ्यात गणपतराव शिलंगणाचं सोनं घेऊन आले.

“काका, बघा. एकदा वायर लावून बघा. तुमच्या हातानं उपटा, परत लावा.”

गणपतरावांनी मला हातात घेतलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “चालतंय म्हणतोस न्हवं? मग चालत आसंल. पर मी चार गावच्या लोकांम्होरं सांगून मोकळा झालोय, फॉरमॅट खराब हाय म्हणून. आता ह्यो चालला तर मी कोण ठरतो?”

गणपतरावांनी त्याच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं. संगणकावरचे नवे दोन पर्याय त्यांनी पुढं दुसऱ्या कुणाकडून तरी पुसून घेतले. मशिनींत परत जुनाच साचा गेला. त्या अजून मरतात.

चुलवाण पेटलं. श्रीशैल काहिलीवर उभा राहिला. बाळाप्पा त्याला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच त्याला सोसलं नाही. मला त्यानं कोनाड्यात ठेवलं आणि नंतर कधी या कोनाड्याकडं मान वळवली नाही. उकळत्या रसावरची मळी काढताना त्याचे डोळे धुरानं लाल होतात. धुरानंच, असं मी म्हणतो.

वर्षातनं एकदा, खंडेनवमीला, मला बाहेर काढतात. पहिल्या वर्षी दानम्मा म्हणाली, “त्या पत्र्याला हळदकुंकू लावू नगा. त्यानं माझं पोरगं खाल्लं.”

“आसू दे,” बाळाप्पा म्हणाले. “हत्यार हाय त्याचं.”

तेव्हापासून दर वर्षी माझ्यावर पाणी शिंपडतात, हळद लावतात, मग कुंकू. बाळाप्पांचं बोट जाड आहे आणि नजर आता कमी झालीय. कुंकू नेमकं वायरीच्या भोकात जातं. दर वर्षी थोडं थोडं. पाण्यानं भिजतं, वाळतं, दगड होतं. ते हात जोडतात तेव्हा श्रीशैल मागं उभा असतो, पण बघतो दुसरीकडंच.

भोक जवळजवळ बुजलंय. अजून दोन-तीन दसरे गेले की वायर आत जाणार नाही. मग माझ्या पोटातलं घर खरं होतं की खोटं, हे कुणालाच कधी कळायचं नाही. गणपतराव खरे ठरतील.

मला फूल नको, अप्पा. हळद नको. श्रीशैल, कुणी तुला हार आणायला पाठवायच्या आत ये. टाचणीनं कुंकू कोर आणि एकदा वायर लाव.

मी उठतो.